पन्नास सेकंदांची वाट

काळ, काम आणि वेग यांची गणिते शिकवताना आम्ही मास्तर मंडळी नेहमी दोन गावे घेतो. अ गावाहून एक गाडी निघते, ब गावी जाते. मधले अंतर इतके, वेग इतका, तर वेळ किती? मुले भागाकार मांडतात आणि मोकळी होतात. दिवाळीच्या सुटीत, फराळाचे ताट पुढे असताना वाचकांना गणित घालणे हा खरे म्हणजे गुन्हाच. पण एकच घालतो, आणि तेही मीच सोडवून देतो.

अ म्हणजे जुहूचा विमानतळ आणि ब म्हणजे सांताक्रूझचा. दोहोंचे मध्यबिंदू धरले तर मधले अंतर सुमारे पावणेचार किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने सव्वादोन मैलांहून थोडे अधिक. कुंपणापासून कुंपणापर्यंत मोजले तर याहून बरेच कमी. उतरण्याच्या बेतात असलेल्या जेट विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटर धरू. उत्तर आले ५२ सेकंद. बशीत ओतलेला चहासुद्धा एवढ्या वेळात निवत नाही!

गणित संपले. आता इतिहास असा आहे की, या ५२ सेकंदांच्या वाटेवर एका विमानाला नऊ दिवस खोळंबावे लागले, आणि दुसऱ्या एका विमानाला ती वाट जन्मात पुरी करता आली नाही. ती हकीकत सांगण्यासाठीच हा खटाटोप.

आधी जागा नीट पाहून घेऊ. अंधेरी, पार्ले, मालाड, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी गावे ज्या भूमीवर वसली आहेत ती साष्टी. आगगाडीत बसून आपण रोज इकडून तिकडे जातो, त्यामुळे आपण बेटावर राहतो याचा विसर पडतो. पण उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला उघडा समुद्र, असे हे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले बेटच आहे. सहासष्ट गावांवरून साष्टी हे नाव पडले असे सांगतात. १७३७ साली मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतले आणि १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला पडल्यावर ते इंग्रजांच्या हाती गेले. माहीमहून वांद्र्याला यायचे तर १८४५ पर्यंत माहीमची खाडी होडीनेच ओलांडावी लागे. त्या साली लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून माहीम ते वांद्रे असा रस्ता पाण्यावरून झाला, आणि माणसे कोरड्या पायांनी पलीकडे जाऊ लागली.

जुहूची गोष्ट याहूनही वेगळी. जुहू हे साष्टीचे अंग नव्हते. ते साष्टीच्या पश्चिमेला लागून असलेले स्वतंत्र बेट होते. बेट म्हणजे तरी काय, समुद्रसपाटीपासून मीटर-दोन मीटर वर आलेली वाळूची लांबट, चिंचोळी पट्टी. पोर्तुगीजांच्या कागदांत तिचे नाव ‘जुवें’ असे आहे, आणि कोकणीत जुवें म्हणजे बेटच. उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी, कुणबी यांची वस्ती. दक्षिणेच्या टोकाला कोळीवाडा. मध्ये माड, ताड आणि वारा. या पट्टीत आणि साष्टीत एक खाडी होती. ओहोटी लागली की चिखल तुडवीत पायी जाता येई, भरती आली की वाट बंद. म्हणजे आमच्या गणितातले अ आणि ब यांच्यामधला वेळ त्या काळी घड्याळावर नव्हता, तो चंद्रावर होता. अष्टमीला एक आणि पुनवेला दुसरा! एखाद्या माणसाची वेळ चुकली तर समोर दिसणाऱ्या पार्ल्याला पोहोचण्यासाठी त्याला काठावर बसून समुद्राची मर्जी सांभाळावी लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जुहूतारा भागात मोठी जमीन घेतली. येथे एकेक एकराचे भूखंड पाडावेत, चांगला रस्ता आणावा, नवे उपनगर वसवावे असा त्यांचा बेत होता. १९०४ साली ते वारले आणि बेतही मागे पडला. वसाहत झाली असती तर त्या भागात पुढे विमाने उतरली असती की नाही, कोण सांगणार? जमीन मोकळी राहिली हे विमानांचे नशीब. पुढे खाडी हळूहळू भरत गेली, बांध पडले, रस्ते झाले, आणि बेटाचे बेटपण केवळ जुन्या नकाशांत उरले. १९२४ साली गांधीजी आजारातून उठल्यावर विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले होते. यावरून त्या जागी केवढी शांतता असेल याची कल्पना यावी.

या शांततेत १९२८ साली विमानांचा आवाज आला. जुहूच्या सपाट जमिनीवर मुलकी विमानांसाठी मैदान ठरले आणि तेथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने उडू लागली. मुलकी उड्डाणासाठी म्हणून तयार झालेले हे देशातले पहिले मैदान. विमानतळ हा शब्द त्याला तेव्हा मोठाच होता. चिखलवट, खाजणी जमीन, कडेला झावळ्यांनी शाकारलेले एक खोपट, पलीकडे समुद्र. विमानेही तशीच, लाकडाची आणि कापडाची. दोन माणसे बसली की भरली. या क्लबाचे एक उमेदवार जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना १९२९ च्या फेब्रुवारीत विमान चालवण्याचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्याच्यावर क्रमांकच १ असा आहे.

त्यापुढची गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते, पण तिच्यातला वेळेचा हिशेब फारसा कोणी सांगत नाही. लंडनहून निघालेले हवाई टपाल इंग्रजांची इंपीरियल एअरवेज कंपनी कराचीपर्यंत आणून सोडी. तेथून पुढे मुंबई-मद्रासकडे ते आगगाडीने रखडत जाई. हे टपाल आपण विमानाने नेऊ, अशी कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांच्या कानी घातली. सरकारशी लिहिण्या-बोलण्यात काही वर्षे गेली. अखेर १९३२ साली करार झाला. सरकारी मदत मात्र नाही.

१९३२ च्या १५ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून पुस मॉथ जातीचे एका इंजिनाचे विमान उडवले. बरोबर टपालाच्या थैल्या. रेडिओ नाही, वाटेत दिशा दाखवणारी कसलीही सोय नाही; खाली दिसणारी जमीन आणि हातातला नकाशा एवढाच आधार. अहमदाबादला उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. ताशी शंभर मैल जाणाऱ्या वाहनाला ताशी दोन मैल चालणाऱ्या बैलांनी तेल पाजावे, हा देखावा पाहायला मिळाला असता तर मी एक कादंबरी कमी लिहिली असती! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले. सुमारे साडेसहाशे मैलांचे अंतर, वाटेतला मुक्काम धरून सव्वासात तास. जुहूला व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन तयार होते. ते टपाल घेऊन बेल्लारीला गेले, रात्री तेथे राहिले आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. हेच व्हिन्सेंट पुढे १९४२ साली दुसऱ्या महायुद्धात विमानातच गेले. टाटांच्या कीर्तीच्या प्रकाशात या माणसाचे नाव झाकोळून गेले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

ही टपालाची वाट वाढत गेली आणि १९३८ साली सिलोनच्या बेटावर, कोलंबोपर्यंत पोहोचली. म्हणजे एका बेटावरच्या चिखलातून निघालेले टपाल दुसऱ्या बेटावर उतरू लागले. रामायणात या वाटेसाठी केवढा सेतू बांधावा लागला होता!

पण जुहूचे मूळचे बेटपण गेले नव्हते. ते दर पावसाळ्यात उगवे. जमीन इतकी सखल की पहिल्या दोन-चार मोठ्या सरींत मैदानाचे तळे होई. आषाढ लागला की टाटांची माणसे विमाने, अवजारे, सामान सगळे गुंडाळून घाट चढत आणि पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानावर बिऱ्हाड करीत. नवरात्राच्या सुमारास परत खाली. पंढरीच्या वारकऱ्यांचा चातुर्मास ऐकला होता. विमानांचाही चातुर्मास असतो हे जुहूने दाखवले. हवेत समुद्र जिंकला, पण जमिनीवर त्याची सत्ता चालूच राहिली. ज्या भरतीने कोळ्या-भंडाऱ्यांची वाट अडवली, तिच्याच भाऊबंदाने विमानेही अडवली.

विमाने जड होऊ लागली तशी ही अडचण सोसवेना. जुहूच्या पूर्वेला, साष्टीच्या मूळ भूमीवर, जमीन उंच आणि कठीण होती. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. लढाई संपली, राज्य बदलले, आणि १९४८ च्या सुमारास मोठ्या प्रवासी विमानांचे येणे-जाणे जुहूहून उठून या सांताक्रूझच्या तळावर गेले. त्याच वर्षी ८ जूनला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा या मार्गाने लंडनला गेले. तारीख पाहा, ८ जून. पावसाळ्याच्या तोंडाशी! जुहूवरच्या जुन्या मंडळींनी अशा तारखेला सामान बांधायला घेतले असते. नाव सांताक्रूझचे, पण या विमानतळाचे उत्तरेकडचे अंग आमच्या अंधेरीला लागलेले आहे. सहार, मरोळ, चकाला या गावांच्या डोक्यावरून जो आवाज जातो तो त्याचाच. १९९९ साली त्याला छत्रपती शिवाजी हे नाव मिळाले आणि २०१८ साली त्यात महाराज हा शब्द आला.

जुहू मात्र बंद झाले नाही. क्लबाची छोटी विमाने तेथून उडत राहिली. म्हणजे आता एका बेटावर दोन विमानतळ झाले, एक थोरला आणि एक धाकटा; आणि येथूनच घोटाळ्याला सुरुवात झाली.

तो कसा, हे समजायला विमानातून पाहिले पाहिजे. धावपट्टी कोणत्या दिशेने आहे हे तिच्या आकड्यावरून कळते. होकायंत्राचे अंश दहांनी भागले की तो आकडा मिळतो. सांताक्रूझची मुख्य पट्टी ०९, म्हणजे जवळजवळ थेट पूर्वेकडे तोंड. जुहूची एक पट्टी ०८, म्हणजे तीही जवळजवळ पूर्वेकडेच. दहा अंशांचा फरक माणसाच्या डोळ्याला काय कळणार? समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला किनारा लागला की आधी कोण दिसते? धाकटे! थोरले त्याच्या पाठीमागे उभे. थोरल्या पट्टीची लांबी आज अकरा हजार फुटांच्या वर आहे. धाकटीची पावणेचार हजारांच्या आसपास. पण उंचावरून पाहताना आजूबाजूला मोजपट्टी धरलेली नसते. पट्टी हवी तेथे पट्टी दिसली की मन म्हणते, हीच ती. आणि ती नव्हे असे ध्यानात येऊन निर्णय फिरवण्यासाठी मध्ये वेळ किती? वर गणित केलेच आहे.

१९५३ सालच्या जुलैची १५ तारीख. ब्रिटिशांच्या बीओएसी कंपनीचे कॉमेट विमान मुंबईला येत होते. कॉमेट म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट. ते उतारू घेऊन धावू लागल्याला जेमतेम सव्वा वर्ष झालेले. ताशी सातशे किलोमीटरांवर वेग, पंखे नाहीत, आवाज निराळा. मुंबईच्या लोकांना ते पाहण्याचे केवढे अप्रूप! ते अप्रूप सांताक्रूझऐवजी येऊन उतरले थेट जुहूच्या छोट्या पट्टीवर, आणि तेही भर पावसाळ्यात, ज्या महिन्यात टाटांची चिमुकली विमानेसुद्धा तेथे थांबत नसत. नशीब असे की विमान थांबले. उतरणे एकवेळ जमते. पण उडायला जेटला लांब पट्टी लागते, आणि ती तर पावणेचार किलोमीटर पलीकडे होती. जगातल्या सर्वांत वेगवान प्रवासी विमानाला तेथून बाहेर काढायला सुमारे नऊ दिवस लागले. लंडनहून मुंबईला यावे आणि मुंबईतच शेजारच्या आळीत जायला नऊ दिवस अडकावे! पूर्वीचा भंडारी ओहोटीसाठी थांबे तो फार तर सहा तास.

लोकांना ही गोष्ट विनोदाची वाटली असल्यास नवल नाही. कोणाला इजा नाही, विमान शाबूत. असे प्रकार इतरत्रही होतात. लंडनला हीथ्रो आणि नॉर्थोल्ट हे दोन विमानतळ असेच जवळजवळ. १९६० च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचे मोठे बोइंग हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टला उतरले. वाटेवरच्या वायूच्या प्रचंड टाक्यांसारख्याच टाक्या दुसऱ्या वाटेवरही होत्या. मग इंग्रजांनी एका टाकीवर हीथ्रोची आणि दुसरीवर नॉर्थोल्टची आद्याक्षरे भल्या मोठ्या आकारात रंगवून टाकली. आपल्याकडे गावात एका नावाच्या दोन सखू असल्या की एकीला वरच्या आळीतली म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मला तो उपाय आवडतो. यंत्रे कितीही आली तरी शेवटी डोळ्याला अक्षर लागते.

विनोदाची बाजू १९७२ साली संपली. त्या वर्षीच्या १४ जूनला जपान एअर लाइन्सचे एक डीसी-८ विमान दिल्लीच्या पालम विमानतळावर उतरण्यापूर्वीच यमुनेच्या काठी कोसळले आणि ८० हून अधिक माणसे गेली. ती जखम ताजी होती. सव्वातीन महिन्यांनी, २४ सप्टेंबरला, त्याच कंपनीचे त्याच जातीचे विमान लंडनहून ठिकठिकाणी थांबत टोकियोकडे जाताना सकाळी सातच्या सुमारास मुंबईवर आले. आत १२२ माणसे. उतरायचे सांताक्रूझला. वैमानिकाने खाली पट्टी पाहिली आणि चाके टेकवली ती जुहूला.

चार इंजिनांचे विमान आणि पावणेचार हजार फुटांची पट्टी! पट्टी संपली, विमान संपेना. ते टोक ओलांडून पुढे गेले, खड्ड्यात आदळले, मोडले. माणसे जखमी झाली. पण १२२ पैकी एकही मेला नाही. पुढे वस्ती होती, रस्ते होते, रविवारची सकाळ होती. त्या सकाळी काय होऊ शकले असते याचा विचार अंधेरी-पार्ल्याच्या माणसाने न केलेलाच बरा. विमान मात्र दुरुस्त होण्यापलीकडे गेले. तेच हे विमान, ज्याला अ पासून ब पर्यंत कधीच जाता आले नाही.

दोष वैमानिकाचा, हे खरेच. तो आपण घरी बसून सहज देऊ शकतो. परंतु दोष देताना जागेकडेही पाहावे. जो माणूस महासागर ओलांडून येतो, हजारो मैलांचा हिशेब बरोबर ठेवतो, त्याची फसगत होते ती शेवटच्या सव्वादोन मैलांत. लांबच्या अंतरात चूक झाली तर ती सुधारायला तास असतात. कराचीहून येताना टाटांचे विमान चार मैल भरकटले असते तर गुजरातचा किनारा पाहून ते परत वाटेवर आले असते. येथे तसे नाही. विमान जितके जलद झाले तितकी ही दोन मैदाने एकमेकांच्या जवळ सरकली. पुस मॉथच्या वेगाने मधली वाट दीड मिनिटाची होती, जेटच्या वेगाने ती मिनिटाच्याही आत आली. जमीन एक तसूभर हलली नाही, आणि तरी अंतर जवळजवळ निम्मे झाले! पूर्वी माणसे या दोन ठिकाणांमधल्या पाण्याला भीत. आता त्यांच्यात पुरेसे काही मध्ये नाही, हीच भीतीची गोष्ट झाली. खाडी होती तेव्हा जुहू म्हणजे सांताक्रूझ असे कोणाला चुकूनही वाटले नसते.

१९८२ च्या १५ ऑक्टोबरला, त्या पहिल्या टपालफेरीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, टाटा पुन्हा एकदा कराचीहून निघाले. वय ७८. विमान जुन्या घाटाचेच, लेपर्ड मॉथ जातीचे, एका इंजिनाचे. ते एकटे उडत आले आणि उतरले ते जुहूलाच, मुद्दाम. धाकट्या मैदानावर बरोबर आलेले हे विमान, असे कोणी गमतीने म्हणाले असेल तर मला ठाऊक नाही, मी म्हणतो.

१९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला, भर समुद्रात सुमारे १६० किलोमीटरांवर बॉम्बे हायचे तेल लागले, आणि जुहूला नवे काम मिळाले. १९८५ साली स्थापन झालेल्या पवन हंस कंपनीची हेलिकॉप्टरे तेथून तेलाच्या फलाटांवर माणसे नेऊ-आणू लागली. फलाट म्हणजे खांबांवर उभी असलेली लोखंडाची बेटेच. घरी दिवा लावून, आईच्या पाया पडून निघालेला मुलगा सकाळच्या नाश्त्याच्या वेळी जुहूला असतो आणि दुपारच्या जेवणाआधी चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी कामाला लागतो. ही हेलिकॉप्टरे ज्या आकाशातून समुद्राकडे वळतात, त्याच्या अगदी लगत थोरल्या विमानतळावर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची वाट आहे. म्हणून जुहूच्या मनोऱ्यावरच्या माणसाला आपल्या पाहुण्याला उडू देण्यापूर्वी थोरल्या मनोऱ्याशी बोलून घ्यावे लागते. पावसाळ्यात, भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की, मैदानाच्या कडेच्या नाल्यांत समुद्राचे पाणी अजूनही उलटे चढते.